मारातले गवत कोणाचे?

केनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, टांझानियाच्या सीमेला लागून मसाई मारा हे अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1,510 चौरस किलोमीटर. सीमेपलीकडचे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान त्याच्या जवळजवळ दहापट, म्हणजे 14,763 चौरस किलोमीटरचे. दोहोंच्या मध्ये कुंपण नाही. नकाशावर देश दोन आणि नावे दोन असली, तरी चरणाऱ्या जनावरांसाठी हा एकच माळ आहे.

या माळावर सुमारे 13 लाख विल्डबीस्ट, दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि लाखो गझेल हरणे वर्षभर पावसामागून फिरत असतात. जानेवारी ते मार्च त्यांचा मुक्काम दक्षिण सेरेंगेटीच्या आखूड गवताच्या मैदानात असतो. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे गवत खनिजांनी समृद्ध. विल्डबीस्टच्या माद्या तिथेच वितात. मैदान सुकू लागले की कळप वायव्येकडे आणि मग उत्तरेकडे सरकतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर ते मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतात. नदी ओलांडताना दरवर्षी सरासरी 6,250 विल्डबीस्ट बुडून मरतात, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ही मढी वाया जात नाहीत. मगरी, गिधाडे आणि मासे त्यांवर जगतात. मांस काही आठवड्यांत संपते, पण तळाशी गेलेली हाडे पुढची सात वर्षे कुजत राहतात आणि त्यांतला फॉस्फरस नदीच्या पाण्यात उतरत राहतो.

सफारीचा दिवस पहाटे सुरू होतो. छप्पर वर उचलता येणारी लँड क्रूझर किंवा व्हॅन सूर्योदयाच्या सुमारास बाहेर पडते, कारण सिंह आणि तरस थंड वेळेत हालचाल करतात आणि ऊन चढले की सावलीत पडून राहतात. दुपारी विश्रांती, चारनंतर पुन्हा फेरी, अंधार पडण्याच्या आत परत. चालकच वाटाड्या असतो. गवतातली शेपटीची हालचाल, एकाच दिशेला वळलेल्या झेब्र्यांच्या माना, झाडावर जमू लागलेली गिधाडे यांवरून तो प्राण्याचा माग काढतो आणि वायरलेसवर इतर चालकांशी बोलत असतो.

अशा सफारीला जावे का, गेल्यास कसे जावे, यावर गंभीर मतभेद आहेत. पुढील संवादात त्यांतल्या दोन बाजू आहेत. संयोजक हे मराठी पर्यटकांचे गट पूर्व आफ्रिकेत नेतात. अभ्यासक बाई पशुपालक समाजांच्या चराईहक्कांवर काम करतात.

संयोजक: मॅडम, आमच्यासोबत येणारा माणूस बहुधा आयुष्यात एकदाच येतो, आणि त्याचा पैसा जातो कुठे ते बघा. 2024 पासून मारात परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर शुल्क आहे, उरलेले सहा महिने 100. शिवाय तंबूचं भाडं, चालक, आचारी, धोबी, भाजीवाला. हा पैसा थांबला तर ती जमीन मोकळी राहील असं वाटतं तुम्हाला? नैरोबीहून मारात जाताना नारोकच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागतात. तिथेही एके काळी विल्डबीस्ट चरायचे.

अभ्यासक: गव्हाचं तुम्ही बरोबर बोललात. त्याच भागातल्या लोइटाच्या मैदानातून येणारे कळप गव्हानं आणि कुंपणांनी जवळपास संपवले. पण पैसा येतो, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तो कुणाच्या जमिनीवर येतो, हे आधी विचारायला हवं. ब्रिटिशांनी 1904 आणि 1911 मध्ये इथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांशी करार करून त्यांना उत्तरेच्या उत्तम कुरणांवरून हलवलं. सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान 1951 मध्ये झालं आणि 1959 मध्ये तिथल्या मसाईंना बाहेर पडावं लागलं. त्यांना शेजारचं न्गोरोंगोरो दिलं, तिथे गुरांसह राहता येईल असं सांगून. ज्याला आपण अस्पर्श निसर्ग म्हणून बघायला जातो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत होती.

संयोजक: पण त्याच 1959 चा दुसरा भागही सांगा. बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतल्या प्राण्यांची मोजणी केली. मुलगा त्याच कामात, जानेवारी 1959 मध्ये, विमान कोसळून गेला. त्यांच्या चित्रपटामुळे जगाला सेरेंगेटी कळलं. त्या माणसांनी हट्ट धरला नसता तर आज हे 13 लाख विल्डबीस्ट दिसले असते का?

अभ्यासक: त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण विल्डबीस्ट वाढले त्याचं मोठं कारण वेगळं आहे. 1890 च्या आसपास पूर्व आफ्रिकेत बुळकांडी आली. मसाईंची बहुतेक गुरं मेली, रानातले विल्डबीस्ट आणि रानम्हशी मेल्या. पाठोपाठ देवी आणि दुष्काळ आला, माणसं मेली. युरोपीय लोकांना जो माळ रिकामा दिसला तो असा रिकामा झालेला होता. पुढे गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली. गुरांतला रोग थांबला तसा विल्डबीस्टमधलाही थांबला, आणि 1960 च्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले कळप 1970 च्या दशकाच्या अखेरीस 13 लाखांवर गेले. म्हणजे गुरं निरोगी झाली म्हणून रानही भरलं. मग गुरांना रानाचा शत्रू कसं म्हणायचं?

बुळकांडीचा हा इतिहास सफारीच्या माहितीपत्रकांत सहसा नसतो, आणि तो असायला हवा. 2011 मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर संपूर्ण उच्चाटन झालेला हा दुसराच रोग. माणसाने गोठ्यात केलेल्या कामाने जगातले चरणाऱ्या प्राण्यांचे सर्वांत मोठे स्थलांतर पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट कोणत्याही सिंहाच्या छायाचित्राइतकीच पाहुण्यांना सांगण्याजोगी आहे.

संयोजक: इतिहासातला अन्याय मी नाकारत नाही. पण आज काय करायचं?

अभ्यासक: अन्याय इतिहासात संपलेला नाही. जून 2022 मध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत 1,500 चौरस किलोमीटर चराऊ जमिनीभोवती सरकारनं सीमेचे खांब रोवले. तिथे 1992 पासून परदेशी शिकाऱ्यांसाठी परवाना दिलेला आहे. पोलीस आणि मसाई यांच्यात संघर्ष झाला, एक पोलीस मारला गेला, अनेक मसाई जखमी झाले, कित्येक कुटुंबं सीमा ओलांडून केनियात गेली. त्याच वर्षी न्गोरोंगोरोतल्या लोकांना दूर हंदेनी जिल्ह्यात मसोमेरा गावी हलवायला सुरुवात झाली. 1959 मध्ये जिथे राहता येईल असं सांगितलं होतं, तिथूनच. आपल्याकडे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला वनाच्या हद्दीवर अडवतात, तेव्हा त्याला काय वाटतं ते मी जवळून पाहिलंय. मसाई गुराख्याचं दुःख मला परकं वाटत नाही.

संयोजक: लोलिओंडोचं समर्थन मी करणार नाही. केनियाचं मात्र वेगळं आहे. तिथे 1977 पासून शिकारीला बंदी आहे. आमचा पाहुणा कॅमेरा घेऊन जातो, बंदूक नाही.

अभ्यासक: बंदी चांगलीच आहे. पण 1977 ते 2016 या काळात केनियातले वन्य प्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले, हे 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. शिकार बंद असताना. कारण देशातले सुमारे दोन तृतीयांश वन्य प्राणी उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या जमिनीवर असतात. तिथे जमीन वाटली गेली, कुंपणं आली, शेती आली, गुरं आणि विशेषतः शेळ्यामेंढ्या वाढल्या. ज्याच्या कुरणात झेब्रा चरतो आणि ज्याची गाय सिंह मारतो, त्याला त्या झेब्र्याचा आणि सिंहाचा काडीचा फायदा नव्हता. मग त्यानं कुंपण का घालू नये?

संयोजक: हेच तर मी म्हणतोय. फायदा द्यायचा तर पैसा लागतो, आणि पैसा सफारीतून येतो.

येथे दोघांचे बोलणे एकाच जागी येऊन थांबते. ही जागा अभयारण्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला आहे, त्याच्या हद्दीबाहेर. कोइयाकी नावाचे सामूहिक कुरण मसाई कुटुंबांमध्ये विभागले गेले, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 150 एकर जमीन आली. 150 एकरांवर गुरे पाळून कोरड्या वर्षात तग धरता येत नाही, कारण पाऊस कधी इकडे तर कधी तिकडे पडतो आणि कळपाला त्याच्यामागे जावे लागते. एकेकट्याने कुंपण घातले असते तर गुरांचेही हाल झाले असते आणि विल्डबीस्टचेही. त्याऐवजी शेजारशेजारच्या जमीनमालकांनी तुकडे पुन्हा एकत्र केले आणि सफारी कंपन्यांना भाड्याने दिले. ओल किन्येई 2005 मध्ये, ओलारे ओरोक 2006 मध्ये, नंतर मारा नॉर्थ आणि नाबोइशो. अशी लोकसंरक्षित क्षेत्रे आज डझनाहून अधिक आहेत आणि त्यांचे मालक हजारोंच्या संख्येने आहेत.

करारात दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. भाडे एकरामागे ठरलेले असते आणि ते मालकाच्या खात्यात थेट जमा होते. पर्यटक किती आले यावर ते सहसा अवलंबून नसते. दुसरे म्हणजे तंबूंची संख्या जमिनीच्या प्रमाणात मर्यादित ठेवलेली असते. त्यामुळे इथे एका सिंहाभोवती गाड्यांची रांग लागत नाही. अभयारण्यात मनाई असलेल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ मसाई वाटाड्यासोबत पायी फिरणे किंवा रात्रीची फेरी, इथे करता येतात. गुरांना पूर्ण बंदी नसते. कोणत्या भागात कधी चरायचे याचे वेळापत्रक असते, आणि गुरांनी कातरलेल्या कोवळ्या गवतावर गझेल येतात.

संयोजक: मग या पद्धतीला तुमचा पाठिंबा आहे ना?

अभ्यासक: आहे, पण डोळे उघडे ठेवून. जमिनीचे उतारे बहुतेक पुरुषांच्या नावावर आहेत, म्हणून भाडंही त्यांच्याच हातात पडतं. बाईला गाईचं दूध मिळायचं. गुरं कमी झाली आणि पैसा नवऱ्याकडे आला, तर तिचं काय? ज्यांना वाटपात जमीन मिळालीच नाही, त्यांचं काय? आणि 2020 मध्ये करोनानं विमानं थांबली तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

संयोजक: माहीत आहे. आमची सगळी आरक्षणं रद्द झाली. तिकडे भाडी कापली गेली, देणगीदारांनी थोडा हात दिला म्हणून क्षेत्रं टिकली. एकाच उत्पन्नावर गाव उभं करणं धोक्याचं आहे, हे मलाही पटतं. पण गुरांच्या बाजूनं बोलताना सिंहाचंही बोला. डिसेंबर 2015 मध्ये मारातल्या प्रसिद्ध मार्श कळपातल्या सिंहांवर विषप्रयोग झाला.

अभ्यासक: झाला, आणि ते वाईटच होतं.

या प्रसंगाकडे जरा बारकाईने पाहायला हवे. मार्श कळप हा अभयारण्याच्या उत्तरेकडील मुसियारा दलदलीजवळ राहणारा, दूरचित्रवाणीमुळे जगभर ओळखला जाणारा कळप. कोरड्या दिवसांत गुराखी रात्री गुरे अभयारण्यात चारायला नेत. दिवसा पर्यटक आणि वनरक्षक असल्याने ती वेळ टाळली जाई. सिंहांनी काही गाई मारल्या. सूड म्हणून मेलेल्या गाईवर कीटकनाशक टाकण्यात आले. बीबी नावाची 17 वर्षांची सिंहीण त्यात मेली, इतर सिंह झटके येऊन जमिनीवर पडलेले आढळले, आणि मांस खाणारी गिधाडेही मेली. विष कुणाला ओळखत नाही. सिंहाने मारलेल्या गाईची वेळेवर आणि पुरेशी भरपाई, रात्री गुरे कोंडण्यासाठी जाळीचे मजबूत वाडे आणि कोरड्या महिन्यांत हक्काची चराई या तीन गोष्टी जिथे मिळतात, तिथे गुराख्याला विषाची बाटली उघडण्याचे कारण उरत नाही. वाड्याची जाळी हा एका कुटुंबासाठी मोठा खर्च असतो. आठवडाभराच्या एका चांगल्या सफारीच्या तुलनेत तो किरकोळ आहे.

उरतो तो पर्यटकांच्या वागण्याचा प्रश्न. संयोजक याबाबतीत सुरुवातीला बचाव करतात, पण त्यांचा अनुभवच त्यांना पुढचे बोलायला लावतो.

अभ्यासक: 2018 मध्ये मारातल्या चित्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक खूप, तिथे मादीच्या एका विणीतली सरासरी 0.2 पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली. जिथे पर्यटक कमी, तिथे 2.3. चित्ता दिवसा शिकार करतो, एकटी आई पिल्लं वाढवते, आणि तिला सिंह-तरसांची भीती असते. भोवती गाड्या उभ्या राहिल्या की तिची शिकार चुकते, ती पिल्लांना घेऊन वारंवार जागा बदलते. कॅमेऱ्यानं मरण येत नाही हे तुमचं म्हणणं इथे टिकत नाही.

संयोजक: नाही टिकत. नियम आहे की एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, ठरावीक अंतरावर. ऑगस्टमध्ये तो पाळला जातोच असं नाही. नदीकाठी तर विचारू नका. कळप काठाला येतो, पुढचे विल्डबीस्ट पाण्याकडे पाहतात, मागचे ढकलतात, धूळ उडते. अशा वेळी तासन्‌तास थांबलेल्या गाड्या एकदम काठाकडे सुटतात. जिथून कळप उतरणार तिथेच गाडी उभी राहिली की तो बिचकून मागे फिरतो, किंवा जिथे काठ तुटलेला आहे तिथून उडी घेतो.

अभ्यासक: चालकाला हे कळत नाही का?

संयोजक: त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मागून आमचे लोक म्हणतात, अजून पुढे घ्या, त्या गाडीवाल्याला दिसतंय, आम्हाला नाही. त्याची बक्षिसी पाहुण्यांच्या खुशीवर. पगार थोडा, घरी मुलांची फी. तो नाही कसं म्हणणार? दोष त्याच्यावर टाकणं मला योग्य वाटत नाही. गर्दी आम्ही करतो. आम्ही सगळे एकाच महिन्यात, एकाच काठावर, एकच दृश्य विकतो.

अभ्यासक: मग विकणं बदला.

संयोजक: बदलता येईल. फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीत वीण असते. तासाभरापूर्वी जन्मलेलं पिल्लू आईबरोबर धावताना दिसतं, नदी ओलांडण्याइतकंच ते थरारक आहे. जूनमध्ये मारात गर्दी कमी, शुल्क निम्मं. पण आमच्याकडे लोक सुट्ट्या बघून येतात आणि दूरचित्रवाणीवर पाहिलेलं मागतात. आधी त्यांना सांगावं लागेल.

सफारीला येणाऱ्या भारतीयांसाठी विमानप्रवासाचा कर्बभार हाही मुद्दा आहे. तो खराच आहे, पण कोणत्याही दूरच्या सहलीला तो लागू पडतो. मारापुरता त्याचा निराळा निकाल लावता येत नाही. माराचा निकाल जमिनीवर लागतो. अभयारण्याची सीमा सरकारने आखली, पण विल्डबीस्ट, हत्ती आणि सिंह ती मानत नाहीत, आणि भोवतीची कुरणे कुंपणांत अडकली तर 1,510 चौरस किलोमीटरच्या आतले प्राणी टिकणार नाहीत. म्हणून बाहेरच्या गुराख्याला योग्य मोबदला न देणारी सफारी, प्रवेशशुल्क कितीही असो, माराचे रक्षण करत नाही. त्याला मोबदला आणि चराई दोन्ही देणारी सफारी करते. अभ्यासकांची बाजू न्यायाची म्हणून बरोबर आहेच. माराच्या प्राण्यांच्या दृष्टीनेही तीच बरोबर आहे. संयोजकांचे म्हणणे खरे ठरायचे असेल तर त्यांना तिच्याशी जोडूनच चालावे लागेल.

जाणाऱ्याच्या हातात यातले बरेच काही आहे. जुलै-ऑगस्टचा हट्ट सोडता आला तर सोडावा. निदान दोन रात्री तरी लोकसंरक्षित क्षेत्रातल्या तंबूत काढाव्यात, आणि आरक्षणापूर्वी विचारावे की ते कोणते क्षेत्र, जमीनमालकांना भाडे किती आणि कसे मिळते, तिथे गुरांना चराई आहे का, तंबूत काम करणारी माणसे कोणत्या गावची. ज्या संयोजकाला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडे पैसे भरू नयेत. पीतज्वराची लस आणि तिचा दाखला ही तयारी सगळेच करतात; चालकाशी पहिल्याच सकाळी एक बोलणे करण्याची तयारीही करावी. त्याला सांगावे की प्राणी दिसो वा न दिसो, बक्षिसी तेवढीच मिळेल, आणि चित्त्याजवळ पाच गाड्या आधीच असतील तर आपली गाडी पुढे नेऊ नये.